मधुमेह आणि डोळ्याचा पडदा

नंदुरबार जिल्ह्यांतील शहादें तालुक्यांत टेंभली नांवाचें एक लहानसें गांव आहे. ता. २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिलीं आधार-पत्रें याच गांवीं वाटण्यांत आलीं, आणि त्या निमित्तानें तेथील माणसांच्या डोळ्यांचीं छायाचित्रें यंत्रानें टिपलीं. यंत्रानें टिपला तो डोळ्याचा पुढचा भाग, म्हणजे बाहुलीभोंवतालचा रंगीत पडदा. त्याच्यावरील नक्षी माणसागणिक निराळी असते व सहसा जन्मभर बदलत नाहीं, म्हणून ओळख पटविण्यास ती उपयोगी पडते. परंतु त्याच डोळ्याच्या आंत, अगदीं मागच्या भिंतीला, आणखी एक पडदा आहे. तो बदलतो; आणि शरीरांत मधुमेहानें ठाण मांडलें असल्यास तो वर्षानुवर्षें, गाजावाजा न करतां बदलत जातो. त्या पडद्याचें छायाचित्र काढून घेण्याची आठवण मात्र सहसा कोणास होत नाहीं.

शहाद्याच्या पश्चिमेस, उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी यांच्या मधल्या सपाटीवर तळोदा वसलें आहे. तेथील बाजारपेठेंतला पंचावन्न वर्षांचा एखादा किराणा दुकानदार कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. बारा वर्षांमागें त्यास मधुमेह असल्याचें कळलें. गोळ्या चालू आहेत. चहा बिनसाखरेचा आहे. लग्नकार्यांत मात्र यजमानाचा आग्रह मोडवत नाहीं. उधारीच्या वहींतील बारीक अक्षर चष्मा लावून त्यास वाचतां येतें, रस्त्यानें जाणारें गिऱ्हाईक दुरून ओळखतां येतें. डोळे एकदां तपासून घ्या, असें कोणीं सुचविलें तर तो म्हणेल, “दिसतंय कीं चांगलं!” या उत्तरांत खोटें कांहींच नाहीं, आणि या रोगाची सारी मेख नेमकी याच उत्तरांत आहे. मधुमेहानें डोळ्याच्या पडद्याचें जें नुकसान होतें, तें कित्येक वर्षेंपर्यंत दुखत नाहीं, खुपत नाहीं, लाल होत नाहीं आणि दिसण्यांतहि व्यत्यय आणीत नाहीं.

असें कां व्हावें, हें समजण्यास डोळ्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. डोळा म्हणजे सुमारें २४ मिलिमीटर व्यासाचा गोळा. बाहुलींतून आंत आलेला प्रकाश नेत्रभिंग एकवटतें, आणि मागच्या भिंतीवर पसरलेल्या पातळ पडद्यावर बाहेरच्या जगाची प्रतिमा उमटते. या पडद्यास दृष्टिपटल म्हणतात. त्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्यांत प्रकाश ओळखणाऱ्या बारा कोटींहून अधिक पेशी दाटीनें बसलेल्या आहेत, आणि त्यांचा निरोप मेंदूकडे नेणारे दहा लाखांवर तंतु एका दोरींत वळून डोळ्याबाहेर पडतात. पडद्याच्या मध्यभागीं पीतबिंदु नांवाची इवलीशी जागा आहे. वाचणें, सुईंत दोरा ओंवणें, समोरच्याचा चेहरा ओळखणें, हीं सारीं बारकाव्याचीं कामें या जागेकडे. बाकीचा विस्तीर्ण भाग कडेचें आणि अंधुक उजेडांतलें पाहतो. दुकानदाराचा पीतबिंदु शाबूत आहे तोंवर त्याची उधारीची वहीहि शाबूत आहे. मग उरलेल्या पडद्यावर काय वाटेल तें चाललें असो, त्यास त्याचा पत्ता लागत नाहीं.

वजनाच्या मानानें पाहिलें तर शरीरांत सर्वांत अधिक प्राणवायु खाणाऱ्या भागांत दृष्टिपटलाची गणना होते. एवढी भूक भागविण्यासाठीं त्याच्यांत केशवाहिन्यांचें, म्हणजे केंसाहूनहि कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांचें, जाळें विणलेलें आहे. या केशवाहिन्यांची बांधणी मोठी नमुनेदार आहे. आंतून एकाच पेशीच्या जाडीचें अस्तर; त्या पेशी एकमेकींस इतक्या घट्ट बिलगलेल्या कीं रक्तांतला द्रव सहजासहजीं बाहेर झिरपूं नये. बाहेरून या नळीस मिठी मारून बसलेल्या आधारपेशी. शास्त्रज्ञ त्यांना पेरिसाइट म्हणतात. शरीराच्या इतर भागांत अस्तराच्या अनेक पेशींमागें एखादी आधारपेशी आढळते. दृष्टिपटलांत हें प्रमाण जवळजवळ एकास एक आहे. नाजूक जागीं निसर्गानें पहारा वाढविला, असेंच म्हणावयाचें.

मधुमेहांत पहिला बळी या पहारेकऱ्यांचाच जातो. स्नायूंच्या किंवा चरबीच्या पेशींत साखर शिरावयाची असेल तर इन्सुलिनची परवानगी लागते. केशवाहिन्यांच्या पेशींना असें दार नाहीं; रक्तांत जेवढी साखर वाढेल तेवढी ती त्यांच्या आंतहि वाढते. साखरेच्या या सततच्या पुरांत प्रथिनांना साखर चिकटून तीं निबर होतात, साखरेचें दुसऱ्याच पदार्थांत रूपांतर होऊन ते पेशींत सांचतात, आणि पेशींच्या चयापचयांतून अपायकारक द्रव्यें प्रमाणाबाहेर निर्माण होतात. आधारपेशी एकामागून एक मरूं लागतात. त्यांचा वेढा सुटलेल्या ठिकाणीं केशवाहिनीची भिंत फुगते. सायकलच्या जुन्या टायरांतून आंतली नळी फुगून बाहेर डोकावते, तशांतलाच हा प्रकार. डोळ्यांत पाहणाऱ्या डॉक्टरास हे फुगोटे तांबड्या टिंबांसारखे दिसतात, आणि रोगाची पहिली खूण तीच. पुढें या फुगोट्यांतून रक्ताचे ठिपके सांडतात, द्रव झिरपतो, द्रवांतली चरबी मागें राहून पिवळट कण सांचतात. दुसरीकडे कित्येक केशवाहिन्या आंतून बंद पडतात आणि पडद्याचे तेवढे तुकडे उपाशी राहतात. अशा जागीं कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे डाग उमटतात.

येथपर्यंतचा काळ पांच वर्षांचा असेल, पंधराचाहि असेल. दुकानदारास अजून सर्व चांगलेंच दिसत आहे.

यापुढें रोगाला दोन वाटा फुटतात, आणि पुष्कळदां तो दोन्ही एकदमच धरतो. पहिली वाट पीतबिंदूची. झिरपणारा द्रव नेमका तेथें सांचला तर तो भाग सुजतो. सरळ रेघा वांकड्या दिसतात, अक्षरांचे मधलेच अवयव पुसल्यासारखे होतात, चेहरे पुसट होतात. मधुमेह्यांची दृष्टि मंद होण्याचें हें फार मोठें कारण आहे. आणि एका डोळ्यांत सूज आली तरी दुसरा डोळा तिची उणीव भरून काढीत असल्यामुळें माणूस महिनोन्महिने बेसावध राहतो. एकेक डोळा हातानें झांकून कॅलेंडरावरील तारखा वाचून पाहणें हा साधा प्रयोग घरोघरीं व्हावयास हरकत नाहीं, परंतु त्यावर विसंबून डॉक्टरची तपासणी टाळणें मात्र चुकीचें, कारण सूज पीतबिंदूच्या ऐन मध्यावर येईपर्यंत हा प्रयोगहि फसवितो.

दुसरी वाट उपाशी राहिलेल्या तुकड्यांची. रक्त मिळेनासें झालेलें दृष्टिपटल गप्प बसत नाहीं. नव्या रक्तवाहिन्या पाठवा, असा रासायनिक पुकारा तें करूं लागतें. हा पुकारा करणारें द्रव्य १९८९ सालीं ओळखलें गेलें, आणि मधुमेह्यांच्या डोळ्यांतील द्रवांत तें प्रत्यक्ष मोजून दाखविणारा अभ्यास १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. पुकाऱ्याप्रमाणें नव्या वाहिन्या उगवतातहि, पण त्या घिसाडघाईनें घातलेल्या कच्च्या बांधासारख्या असतात. पडद्यांत शिरून त्यास पोसण्याऐवजीं त्या पृष्ठभागावरून डोळ्याच्या पोकळींतील पारदर्शक, दाट रसाकडे वाढतात आणि जराशा ताणानें फुटतात. मग एके दिवशीं सकाळीं दुकानाची फळी उघडतां उघडतां आपल्या दुकानदारास एका डोळ्यापुढें काळे धागे तरंगतांना दिसतात. तासाभरांत धूर दाटावा तसें सारें काळवंडतें. हा रोगाचा आरंभ, असें त्यास वाटतें. वास्तविक ती रोगाची कित्येक वर्षें मुरलेली अवस्था असते. सांडलेलें रक्त शोषलें जाऊन दृष्टि परतते, असेंहि होतें. परंतु वाहिन्यांबरोबर वाढलेल्या तंतूंचें जाळें आकसलें म्हणजे तें दृष्टिपटलास ओढून भिंतीपासून सोडवितें, आणि त्यानंतरची हानि सहसा पुरती भरून येत नाहीं. अशाच वाहिन्या बुबुळाच्या बाजूस उगवल्या तर डोळ्यांतील द्रवाचा निचरा तुंबून एक जहाल जातीचा कांचबिंदु होतो.

दृष्टिपटलाखेरीज नेत्रभिंगासहि मधुमेहाचा उपद्रव होतो. साखर चढली कीं भिंगांत पाणी शिरून त्याचा आकार बदलतो आणि चष्म्याचा नंबर इकडचा तिकडे होतो. कधीं कधीं तर चाळिशीचा चष्मा एकाएकीं नकोसा झाल्याचा आनंद होतो, तो या सुजेचाच प्रताप. साखर कांहीं आठवडे स्थिर झाल्याशिवाय नवा चष्मा करूं नये, असें डॉक्टर सांगतात तें याकरितां. मोतीबिंदुहि मधुमेह्यांस इतरांहून लवकर होतो. त्यांतली मुख्य अडचण अशी कीं, दिसण्यांतला सगळा दोष मोतीबिंदूच्या माथीं मारून माणूस शस्त्रक्रिया करवितो, भिंग स्वच्छ होतें, आणि पाठीमागचा पडदा पूर्वींच बिघडलेला असल्यामुळें हातीं निराशा येते. शस्त्रक्रियेपूर्वीं पडदा पाहून घेतला तर निदान खोटी आशा तरी लागत नाहीं.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांस मधुमेह चांगला परिचित होता. प्रमेहाचे वीस प्रकार त्यांनीं सांगितले व त्यांत उसाच्या रसासारख्या मूत्राचा इक्षुमेह गणला. तापीकाठच्या या ऊस पिकविणाऱ्या टापूंत हें नांव कोणास समजावून सांगावें लागणार नाहीं. मात्र मधुमेहाचा डोळ्याच्या पडद्याशीं संबंध दिसण्यास जिवंत माणसाच्या डोळ्यांत डोकावण्याचें साधन हवें होतें. जर्मनींतील हेल्महोल्ट्झ यानें तसें यंत्र १८५१ सालीं जाहीर केलें, आणि थोड्याच वर्षांत व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यानें मधुमेही रोग्याच्या पडद्यावरील डागांचें वर्णन केलें. त्या काळच्या कित्येक जाणत्या नेत्रवैद्यांनीं तें मानलें नाहीं. त्यांचाहि फारसा दोष नव्हता. लहानपणीं मधुमेह जडलेला रोगी तेव्हां डोळे बिघडण्याइतका जगतच नसे. ता. ११ जानेवारी १९२२ रोजीं कॅनडांतील टोरोंटो येथें चौदा वर्षांच्या एका मुलास इन्सुलिनचें पहिलें इंजेक्शन दिलें गेलें, आणि तेथून पुढें मधुमेही माणसें वीस-वीस, तीस-तीस वर्षें जगूं लागलीं. दीर्घायुष्याबरोबर हा दृष्टिरोगहि उजेडांत आला. रोग नवा नव्हता. त्याला वाढावयास लागणारी वर्षें नवीं होतीं.

आज हा प्रश्न केवढा आहे, हें दोन-तीन आंकड्यांवरून कळेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीच्या पहिल्या टप्प्यांत, २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें, महाराष्ट्रांतील प्रौढांत शेंकडा ८.४ जणांस मधुमेह आढळला. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला साऱ्या देशाचा आंकडा शेंकडा ११.४ आहे, म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसें. पन्नाशीवरील मधुमेह्यांपैकीं शेंकडा सुमारें १७ जणांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा असल्याचें २०१५ ते २०१९ या काळांतील राष्ट्रीय पाहणींत दिसलें. मधुमेह हें शहरांतल्या बैठ्या माणसाचें दुखणें, अशी समजूत सुशिक्षित घरांतून अजून ऐकूं येते. महाराष्ट्राच्या पाहणींत शहरी भाग पुढें होता खरा, पण ग्रामीण भागांतहि शेंकडा साडेसहाच्या आसपास माणसें निघालीं, आणि त्या भागांत डोळ्याच्या डॉक्टरांचें अंतर मैलांनीं मोजावें लागतें.

तळोद्याच्या बाबतींत आणखी एक गुंतागुंत आहे, आणि तिच्याकडे पुण्या-मुंबईच्या लेखांतून क्वचितच लक्ष दिलें जातें. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून निराळा झालेला नंदुरबार हा मुख्यत्वें आदिवासी जिल्हा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें येथील शेंकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. येथील भिल्ल, पावरा इत्यादि समाजांत सिकलसेल नांवाचा रक्ताचा आनुवंशिक दोष लक्षणीय प्रमाणांत आढळतो. या दोषांत रक्तांतील तांबड्या पेशींचें हिमोग्लोबिन निराळ्या घडणीचें असतें. प्राणवायु कमी पडला कीं पेशी विळ्यासारख्या वांकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. आईबाप दोघांकडूनहि दोष आला तर माणूस सिकलसेलग्रस्त होतो. एकाकडूनच आला तर तो वाहक राहतो व सहसा निरोगी आयुष्य जगतो.

याचा मधुमेहाशीं संबंध येतो तो रक्ताच्या तपासणींतून. गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी जी तपासणी आज सर्वत्र प्रमाण मानली जाते, आणि जिला लोक ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात, ती हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे हें मोजते. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस तिच्यावर साखरेचें पुट चढत राहतें. सिकलसेलग्रस्ताच्या पेशी त्याच्या चतुर्थांश काळहि टिकत नाहींत. पुट चढण्यास अवधि न मिळाल्यामुळें आंकडा खरा असावा त्याहून बराच कमी येतो, आणि साखर चढलेली असूनहि कागद ‘ठीक आहे’ म्हणतो. वाहकांत हा फरक लहान असतो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या अभ्यासांत रक्तशर्करा सारखी असतांना वाहकांचा आंकडा सुमारें ०.३ नें कमी आढळला. शिवाय कांहीं तपासणी-पद्धतींना हें निराळें हिमोग्लोबिन गोंधळांत टाकतें. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या रोग्याबाबत एकट्या त्या आंकड्यावर न विसंबतां उपाशीपोटीं व जेवणानंतर दोन तासांनीं घेतलेली साखर जोडीला पाहणें शहाणपणाचें. ज्यास आपण वाहक किंवा ग्रस्त असल्याचें ठाऊक आहे त्यानें तें मधुमेहाच्या डॉक्टरास आपण होऊन सांगावें. विचारलें जाईलच असें नाहीं.

सिकलसेलचा डोळ्याशीं स्वतंत्र संबंधहि आहे. वांकलेल्या पेशी दृष्टिपटलाच्या अगदीं कडेच्या वाहिन्या बुजवितात आणि तेथेंहि तसाच उपासमारीचा पुकारा होऊन नव्या वाहिन्या फुटतात. त्यांचा आकार समुद्रांतील पंख्यासारख्या पोवळ्याशीं जुळतो. मधुमेह आरंभीं पडद्याच्या मधल्या भागांत खोड्या काढतो, सिकलसेल परिघावर; पण शेवटचा टप्पा, रक्तस्राव आणि ओढाताण, दोघांचा एकच. पंडुरोग, म्हणजे रक्त कमी असणें, मधुमेही पडद्याची स्थिति आणखी बिघडवितो, आणि रक्त कमी असणारीं माणसें या डोंगराळ भागांत थोडींथोडकीं नाहींत.

उपायांकडे वळतांना एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे: या रोगांतील बरेंचसें अंधत्व टाळतां येतें, आणि हें अनुभवानें सिद्ध झालें आहे. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडांतील प्रयोगांत, इन्सुलिनवर असलेल्या ज्या रोग्यांचे पडदे आरंभीं निर्दोष होते, त्यांनीं साखर कसून आटोक्यांत ठेवल्यानें रोग उद्भवण्याची शक्यता शेंकडा ७६ नें घटली. १९९८ च्या ब्रिटिश प्रयोगानें प्रौढ वयांतील मधुमेह्यांतहि साखरेचा फायदा दाखविला, आणि रक्तदाब ताब्यांत ठेवल्यानें पडद्याचा रोग वाढण्याचें प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक खालीं येतें असेंहि दाखविलें. आपल्याकडे घरोघरीं साखरेचा हिशेब ठेवला जातो, रक्तदाबाचा मात्र ठेवला जात नाहीं. लोणचें-पापड ताटांत तसेंच राहतें.

रोग वाढलाच तर लेसर आहे. नव्या वाहिन्या फुटलेल्या डोळ्यांत पडद्याच्या कडेच्या भागावर लेसर किरणांचे हजार-दीड हजार बारीक चटके देतात. ऐकावयास हें विचित्र वाटतें, पण त्यांतला युक्तिवाद सरळ आहे: उपाशी भागाचा कांहीं हिस्सा विझविला म्हणजे प्राणवायूची मागणी कमी होते, पुकारा थंडावतो आणि नव्या वाहिन्या कोमेजतात. कडेची व रात्रीची दृष्टि थोडी देऊन मधली दृष्टि वांचविण्याचा हा सौदा. १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगानें त्याची किंमत ठरविली: लेसर केलेल्या डोळ्यांत दृष्टि अतिशय घटण्याचें प्रमाण निम्म्याहून खालीं आलें. पीतबिंदूच्या सुजेवर अलीकडे पुकारा करणारें द्रव्य निष्प्रभ करणारीं इंजेक्शनें डोळ्यांत देतात. सुईचें नांव ऐकून रोगी दचकतो. प्रत्यक्षांत डोळा बधिर करून तें काम क्षणभरांत होतें. खरी अडचण दुसरीच. हीं इंजेक्शनें एकदां घेऊन भागत नाहीं, आरंभीं दर महिन्यास घ्यावीं लागतात. शहरांतील रोग्यास रिक्षाचें भाडें पडतें. तळोद्याच्या दुकानदारास दर वेळीं दुकान बंद ठेवावें लागतें, आणि अक्राणीच्या डोंगरांतून येणाऱ्या मजुरास रोजगार बुडवून, बरोबरच्या माणसाचेंहि भाडें भरून, यावें लागतें. ऊसतोडीसाठीं कुटुंबच्या कुटुंब गुजरातेंत गेलें असेल तर महिन्याची तारीख पाळली जात नाहीं. अशा वेळीं, डॉक्टरास योग्य वाटल्यास, एक-दोन बैठकींत आटोपणारा लेसर हाच अधिक भरंवशाचा ठरतो. रक्त शोषलें न गेल्यास किंवा पडदा ओढला गेल्यास डोळ्यांतील रस काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आहे. रॉबर्ट माखेमर यानें १९७० च्या सुमारास ती प्रचारांत आणली. त्यासाठीं या बाजूचीं माणसें बहुधा सुरत, नाशिक किंवा मुंबई गांठतात.

एका गैरसमजाचा समाचार येथें घेतला पाहिजे. ‘इन्सुलिन सुरू केलें आणि डोळे गेले’ असें सांगणारा एखादा तरी नातेवाईक प्रत्येक कुटुंबांत असतो, आणि त्याच्या साक्षीवर कित्येकजण इन्सुलिन नाकारतात. अनुभव खोटा नसतो, त्याचा अर्थ चुकीचा लावलेला असतो. पुष्कळदां इन्सुलिनची वेळ येते तीच मुळीं दहा-पंधरा वर्षें साखर चढती राहिल्यावर. तोंवर पडदा बिघडलेलाच असतो. दुसरें असें कीं, फार चढलेली साखर एकाएकीं खालीं आणली तर आधींच बिघडलेला पडदा कांहीं महिने अधिक बिघडतो, हें डॉक्टरांनाहि ठाऊक आहे. यावर उतारा इन्सुलिन टाळणें हा नव्हे. तें सुरू करण्याच्या आधीं पडदा पाहून घेणें व नंतरहि लवकर लवकर पाहात राहणें हा आहे.

तपासणी केव्हां करावी याबद्दल नेत्रवैद्यकांत फारसा मतभेद उरलेला नाहीं. प्रौढपणीं मधुमेह निघाला तर ज्या महिन्यांत निघाला त्याच महिन्यांत, कारण तो प्रत्यक्षांत केव्हां सुरू झाला हें कोणासच सांगतां येत नाहीं. त्यानंतर सहसा दर वर्षीं. लहानपणच्या इन्सुलिनवरील मधुमेहांत पांच वर्षांनंतर. मधुमेही स्त्रीस दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच, कारण गरोदरपणांत पडद्याचा रोग झपाट्यानें वाढूं शकतो. माहेरीं बाळंतपणास जाण्याच्या घाईंत ही तपासणी हटकून राहून जाते. चष्म्याच्या दुकानांत नंबर काढून घेणें म्हणजे ही तपासणी नव्हे. अक्षरांचा तक्ता पीतबिंदूची परीक्षा घेतो, पडद्याची नव्हे.

पण पडदा पाहणारा डॉक्टर प्रत्येक तालुक्यास कोठून आणावा? नंदुरबारला जिल्हा रुग्णालय आहे, २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि आहे; तरी धडगांव-मोलगीच्या बाजूच्या माणसास तें घाटापलीकडेंच. या कोड्याचें एक उत्तर मुंबईंत मिळालें आहे. महापालिकेच्या दवाखान्यांत आलेल्या मधुमेह्यांच्या पडद्यांचीं छायाचित्रें भ्रमणध्वनीला जोडलेल्या कॅमेऱ्यानें साध्या आरोग्यसेवकांनीं घेतलीं, आणि त्याच भ्रमणध्वनींतील संगणकीय आज्ञावलीनें, इंटरनेटच्या मदतीवांचून, कोणास डॉक्टरकडे पाठवावें तें जागच्या जागीं सांगितलें. डॉ. सुंदरम् नटराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध केला. दोनशेंवर रोग्यांच्या त्या गटांत, पुढें पाठविणें आवश्यक होतें असा एकहि रोगी यंत्राच्या नजरेंतून सुटला नाहीं. निरोगी असून उगाच पाठविले गेले ते शंभरांत सुमारें बारा. गट लहान होता, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. तरीहि जेथें दूरध्वनीच्या लहरी डोंगराआड अडतात अशा मुलुखास, लहरींवांचून चालणारें यंत्र हें मुंबईपेक्षांहि अधिक उपयोगाचें. तीस वर्षांवरील माणसांचा रक्तदाब व साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आशा कार्यकर्तींच्या मार्फत गांवोगांव चालतोच. त्याच फेरींत पडद्याचें छायाचित्र निघूं लागलें तर मनुष्यबळाचा मोठासा नवा खर्च पडणार नाहीं.

तोंपर्यंत तळोद्याच्या दुकानदारास तापी ओलांडून नंदुरबारास जाणें भाग आहे. तेथें बाहुली मोठी करण्याचे थेंब त्याच्या डोळ्यांत घालतील, अर्धा-पाऊण तास बसवून ठेवतील आणि मग डॉक्टर प्रखर उजेडांत पडदा कडेपर्यंत पाहील. थेंबांमुळें पुढें चार-सहा तास जवळचें अक्षर पुसट दिसतें व ऊन सोसवत नाहीं, म्हणून त्यानें त्या दिवशीं हिशेबाची वही बरोबर नेऊं नये, टोपी किंवा काळा चष्मा जवळ ठेवावा, आणि मोटारसायकल घरींच ठेवून एस्.टी.नें किंवा मुलाला सोबत घेऊन जावें.